ओसरीवरून : सॉपविथचें विमान

मुलांच्या खेळाविषयीं वडील माणसांचें मत बहुधा तो खेळ न पाहतांच बनलेलें असतें. विटीदांडूनें डोळा जातो, पतंगापायीं मूल गच्चीवरून पडतें, पत्त्यांनीं घर बुडतें, हीं मतें आमच्या आजोबांपासून चालत आलेलीं आहेत. त्यांत आतां संगणकावरील खेळांची भर पडली आहे. हे खेळ सर्वथा निरुपद्रवी आहेत असें माझें म्हणणें नाहीं. परंतु ज्या वस्तूला दोष द्यावयाचा ती आधीं एकदां नीट पाहावी, हा न्यायाचा साधा नियम आहे. म्हणून या महिन्यांत मी वाचकांपुढें एक जुना, लहानसा आणि आजच्या मानानें अगदीं ओबडधोबड खेळ ठेवणार आहें. त्याचें नांव ‘सॉपविथ’.

हा खेळ कॅनडांतील बीएमबी कॉम्प्युसायन्स या कंपनींत डेव्हिड क्लार्क नांवाच्या गृहस्थांनीं १९८४ सालीं रचिला. मौज अशी कीं, खेळ विकावा हा कंपनीचा मूळ उद्देशच नव्हता. अनेक संगणक तारेनें एकमेकांस जोडण्याची एक योजना तिनें सिद्ध केली होती; ती कशी चालते हें गिऱ्हाइकांस प्रत्यक्ष दाखवितां यावें, एवढ्याकरितां हा खेळ करण्यांत आला. पुढें ती योजना मागें पडली आणि खेळ मात्र एका फ्लॉपीवरून दुसऱ्या फ्लॉपीवर उतरत देशोदेशीं गेला. १९८५ मध्यें त्याची दुसरी आवृत्ति निघाली, आणि २००० सालीं खुद्द कर्त्यानें त्याची मूळ संहिता सर्वांस खुली केली. त्यामुळें आजच्या संगणकावरही तो खेळतां येतो.

खेळाचें स्वरूप असें. त्या काळच्या आयबीएम संगणकाच्या चित्रपद्धतींत पडद्यावर एका वेळीं चारच रंग उमटत : काळा, पांढरा, निळसर आणि जांभळट गुलाबी. सगळें चित्र आडवे ३२० आणि उभे २०० ठिपके, एवढ्यांत बसवावयाचें. त्यांत एका बाजूस आपली विमानशाळा, पुढें टेकड्यांची वेडीवांकडी रेषा, तिच्यावर शत्रूचीं कोठारें व कारखाने, आणि आकाशांत शत्रूचीं विमानें. आपलें विमान म्हणजे बोटाच्या पेराहून लहान अशी द्विपंखी आकृति. कांहीं कळा दाबून त्याचें नाक वर-खालीं करावयाचें, वेग वाढवावयाचा किंवा कमी करावयाचा, गोळ्या झाडावयाच्या आणि बाँब टाकावयाचे. शत्रूचीं सर्व ठाणीं नष्ट झालीं कीं डाव जिंकला. विमान पडलें तर दुसरें मिळतें. परंतु अशीं विमानें मोजकींच असतात.

घरगुती संगणक ही वस्तु महाराष्ट्रांत साधारण याच सुमारास आली. इंग्लंडांत सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांनीं १९८२ सालीं ‘स्पेक्ट्रम’ नांवाचा स्वस्त संगणक काढला होता. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनें रीतसर परवाना घेऊन १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धांत ‘स्पेक्ट्रम प्लस’ या रूपानें तो आपल्याकडे आणला. त्याला स्वतःचा पडदा नसे. घरांतल्या दूरदर्शन संचासच तो जोडावा लागे. खेळ गाण्याच्या कॅसेटप्रमाणें कॅसेटवर येत, आणि टेपरेकॉर्डर लावून मिनिटांमागून मिनिटें वाट पाहिल्यावर पडद्यावर उतरत. त्या यंत्राची कामाची स्मृति अवघी ४८ किलोबाइट. आज आपले आप्त सकाळीं फोनवर फुलांचें जें शुभेच्छाचित्र पाठवितात, त्यासही बहुधा याहून अधिक जागा लागते! या स्पेक्ट्रमसाठींही द्विपंखी विमानाचा एक खेळ निघाला होता. त्याचें नांव ‘ब्लू मॅक्स’. बॉब पोलिन यांनीं १९८३ सालीं तो प्रथम अटारीच्या संगणकासाठीं केला. त्यांत विमानाची छाया जमिनीवर पडलेली दिसते, आणि छाया व विमान यांतील अंतर पाहून आपण किती उंचीवर आहों हें मुलानें ताडावयाचें असतें.

आमच्या बीडास आगगाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं. त्याच्या कितीतरी वर्षें आधीं येथील मुलें पडद्यावर विमानें उडवीत होतीं. गेलें शतक संपत आलें असतां मी ज्या शाळेंत संस्कृत शिकवीत होतों, तेथें एका दात्यानें दिलेले कांहीं जुने संगणक होते, आणि त्यांपैकीं एकावर हा सॉपविथ होता. मधल्या सुटींत मुलें त्याभोंवतीं गर्दी करीत. वीज केव्हां जाईल याचा नेम नसे, म्हणून प्रत्येकाला आपला डाव आधीं हवा असे. मी खेळलों नाहीं. परंतु मागें उभा राहून पुष्कळ पाहिलें. तेव्हां एक गोष्ट ध्यानीं आली ती अशी : शत्रूच्या गोळीनें फारच थोडीं मुलें पडत. बहुतेक आपल्याच घाईनें पडत.

याचें कारण खेळाच्या रचनेंत आहे. या विमानाला वजन आहे. इतर पुष्कळ खेळांत विमान म्हणजे आकाशांत सरकणारें एक चित्र असतें. बोट नेईल तिकडे तें जातें. सॉपविथमध्यें तसें नाहीं. मूल खेळावयास बसलें कीं प्रथम नाक सरळ आकाशाकडे करतें, कारण उंच जाणें म्हणजे विमान उडविणें अशी त्याची समजूत असते. चढतां चढतां वेग कमी होतो. वेग कमी झाला कीं पंखांवरून वाहणारा वारा विमानाला उचलून धरण्यास पुरेनासा होतो. मग तें क्षणभर अधांतरीं लटकतें आणि गिरक्या घेत खालीं येतें. इंग्रजींत या अवस्थेला ‘स्टॉल’ म्हणतात. घाबरलेलें मूल अधिकच जोरानें नाक वर करूं पाहतें आणि विमान टेकडीवर आपटतें.

यावरचा उपाय मनाच्या ओढीच्या नेमका उलट आहे. पडत असतां नाक मुद्दाम खालीं करावयाचें, पडण्यांतूनच वेग मिळवावयाचा, आणि वेग आल्यावर हळूहळू वर यावयाचें. ही केवळ खेळांतील युक्ति नव्हे. खऱ्या वैमानिकासही आरंभींच्या धड्यांत हेंच शिकवावें लागतें. सूर्याजवळ जाऊं पाहणाऱ्या संपातीची गोष्ट आपण मुलांना सांगतों. तिचें तात्पर्य ऐकून मुलें मान डोलावतात. तेंच तात्पर्य येथें दहा वेळां विमान आपटून त्यांच्या बोटांत उतरतें. गणितांत उणें उत्तर आल्यावर रडणारा एक विद्यार्थी या खेळांत बाविसाव्या वेळीं पडून पुनः शांतपणें कळ दाबतांना मीं पाहिला आहे. पडण्याची लाज न वाटणें ही शिकण्याची अर्धी पायरी होय, आणि ती पायरी या खेळानें त्याला फुकट दिली होती.

दुसरी गोष्ट परतण्याची. विमानांतील इंधन, गोळ्या व बाँब मोजलेले असतात. ते संपत आले कीं आपल्या विमानशाळेकडे परतून नीट उतरावें लागतें, तेव्हां सर्व सामग्री पुनः मिळते. अभिमन्यूला चक्रव्यूहांत शिरणें ठाऊक होतें, बाहेर पडणें ठाऊक नव्हतें. पडद्यावरील बहुतेक बालवीरांची स्थिति तशीच असते. कोठार उडविल्याच्या आनंदांत इंधनाचा कांटा कोणी पाहत नाहीं. खेळांत एक अशी कळही आहे कीं, ती दाबली असतां विमान आपण होऊन घराकडे वळतें. ज्या मुलाला ती कळ वेळेवर आठवते, तें पुढें चांगला खेळाडू होतें.

तिसरी गोष्ट मला विशेष आवडली. दुसऱ्या आवृत्तींत जमिनीवर मधून मधून बैल उभे असतात. ते कोणाचेच शत्रु नव्हेत. गोळी किंवा बाँब लागून बैल मेला, तर गुण मिळत नाहींत; उलट असलेले कापले जातात. आमच्याकडे पोळ्याला बैलांची पूजा होते, त्या घरांतल्या मुलांना हा नियम समजावून सांगावा लागला नाहीं. युद्धालाही मर्यादा असते, आणि जो लढत नाहीं त्यावर शस्त्र चालविल्यानें पराक्रमाची जमा वाढत नाहीं, उलट घटते, एवढें धर्मयुद्धाचें तत्त्व चार रंगांच्या पडद्यावर कोणीतरी आठवणीनें मांडून ठेविलें, हें लहान काम नव्हे.

येथवर मीं खेळाची बाजू मांडली. आतां जें खेळ सांगत नाहीं, आणि सांगूं शकतही नाहीं, तें आपण घरच्यांनीं सांगितलें पाहिजे. तें त्याच्या नांवांत दडलेलें आहे.

सॉपविथ हें एका माणसाचें नांव. टॉमस सॉपविथ यांचा जन्म १८८८ सालचा. त्यांनीं १९१२ सालीं इंग्लंडांत विमानांचा कारखाना काढला, आणि पहिल्या महायुद्धांत त्यांचीं विमानें मोठ्या संख्येनें लढलीं. हे गृहस्थ १०१ वर्षें जगून १९८९ मध्यें वारले. म्हणजे त्यांच्या नांवाचा हा खेळ त्यांच्या हयातींतच निघाला. त्या काळचीं विमानें लांकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेलें कापड आणि तारांचे ताण यांचीं असत. लांकूड-कापडाचा एकच लांबलचक पंख वाऱ्याच्या जोरानें मोडावयाचा. म्हणून दोन आंखूड पंख एकावर एक ठेवून मध्यें खांब व तारा घालून त्यांचा पुलासारखा भक्कम सांगाडा करीत. द्विपंखी विमानाचें रहस्य तें एवढेंच.

सॉपविथ यांचें सर्वांत प्रसिद्ध विमान ‘कॅमल’, म्हणजे उंट. त्याच्या बंदुकांवरील झांकण उंटाच्या मदारीसारखें वर आलेलें असे, म्हणून हें नांव. हा उंट १९१७ मध्यें रणांत उतरला. त्याचें इंजिनच पंख्याबरोबर गरगर फिरत असे. फिरत्या भोंवऱ्याला धक्का दिला तर तो धक्क्याच्या दिशेस न जातां भलतीकडे कलतो, हें आपण लहानपणीं पाहिलें आहे. तीच तऱ्हा या विमानाची होती. जाणत्याच्या हातीं तें उजवीकडे विजेसारखें वळे; नवशिक्याच्या हातीं त्याच वळणांत गिरक्या घेत जमिनीवर येई. या विमानावर लढाईंत ४१३ वैमानिक मेले आणि लढाईवांचून इतर कारणांनीं ३८५ मेले, असा हिशेब नमूद आहे. म्हणजे जवळजवळ निम्मे शत्रूनें मारलेलेच नव्हते! शाळेंतील मुलें आपल्याच घाईनें पडत असें मीं वर लिहिलें. खऱ्या सॉपविथच्या इतिहासांतही अर्धा भाग तोच आहे. भेद एवढाच कीं, तेथें दुसरा डाव नव्हता.

या विमानांवर आपलीं माणसें होतीं, हें फार थोड्या घरांत ठाऊक आहे. हिंदी माणसास त्या वेळीं ब्रिटिश वायुदलांत अधिकारपद सहजासहजीं मिळत नसे. तरी इंग्लंडांत शिकावयास गेलेल्या कांहीं तरुणांनीं तें खटपटीनें मिळविलें. सरदार हरदितसिंग मलिक हे कॅमल चालवीत. १९१७ च्या ऑक्टोबरांत त्यांचें विमान गोळ्यांनीं चाळणीसारखें झालें, पायांत गोळ्या शिरल्या, तरी ते वांचले. पुढें स्वतंत्र भारताचे राजदूत झाले. कलकत्त्याच्या इंद्रलाल राय यांनीं एस. ई. ५ जातीच्या द्विपंखी विमानावरून १९१८ च्या जुलैंत तेरा दिवसांत दहा विजय मिळविले, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेस ते पडले. त्या वेळीं त्यांस विसावें वर्ष नुकतें अर्धें सरलें होतें.

आणि तिसरे मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. आडनांव उच्चारतांच तें आपल्या शेजारच्या बिऱ्हाडाचें वाटावें. हे लेफ्टनंट वेलिणकर तेविसाव्या स्क्वाड्रनमध्यें सॉपविथच्याच ‘डॉल्फिन’ विमानावर होते. या विमानाचा वरचा पंख इतका खालीं असे कीं वैमानिकाचें मस्तक त्याच्यावर निघे. चारी दिशा उत्तम दिसत. पण उतरतांना विमान उलटलें, तर प्रथम त्याची मानच जमिनीला लागण्याचें भय. १९१८ च्या जून महिन्याच्या अखेरीस फ्रान्समध्यें वेलिणकर शत्रूच्या हद्दींत पडले, आणि जखमी कैदी असतां ३० जून रोजीं त्यांचा अंत झाला. फ्रान्सच्या सोम प्रांतांत हंगार्ड गांवच्या दफनभूमींत त्यांची समाधि आहे. त्या युद्धांत ब्रिटिश लढाऊ वैमानिकांस हवाई छत्रीही दिली जात नसे. विमान पेटलें किंवा मोडलें, तर त्याच्याबरोबरच खालीं जावयाचें.

आमच्या घरीं पुतण्याचा मुलगा सातवींत आहे. त्याला हा जुना खेळ मींच दाखविला. तीन विमानें आपटल्यावर चौथें आपोआप विमानशाळेंत येऊन उभें राहिलें, तेव्हां मीं त्याला ही वेलिणकरांची हकीकत सांगितली. थोडा वेळ पडद्याकडे पाहून त्यानें विचारलें,

“मग आजोबा, त्यांना दुसरें विमान नाहीं मिळालें?”

“विमानें पुष्कळ होतीं रे,” मी म्हणालों, “वेलिणकर एकच होते.”

त्यानें त्यानंतर खेळ सोडला, असें मी वाचकांस सांगणार नाहीं. तो पुनः खेळला, आणि पहिल्यापेक्षां बरा खेळला. परंतु रात्रीं जेवतांना त्यानें आपल्या आजीला वेलिणकरांचें गांव, वय आणि घरीं कोण कोण होतें हें विचारावयास आरंभ केला. फ्रान्स कोठें आहे हें पाहण्याकरितां नकाशा भिंतीवरून खालीं उतरला. माझ्या मतें खेळाचें काम तेथें पूर्ण झालें.

तेव्हां प्रश्न खेळूं द्यावें कीं न द्यावें एवढाच नाहीं; कोणता खेळ, आणि त्याच्या शेजारीं कोण बसलें आहे, हा आहे. सर्व खेळ एका पंक्तीस बसविणें अन्यायाचें होईल. कांहीं खेळ मुलाच्या हातून पैसे काढण्यासाठींच रचलेले असतात. पैसा लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा संसदेनें २०२५ च्या ऑगस्टांत केला, तो उगीच नव्हे. दुसरे कांहीं संपतच नाहींत, आणि न संपणें हाच त्यांचा धंदा असतो. सॉपविथ पैसे मागत नाहीं, जाहिरात दाखवीत नाहीं, आणि विमानें सरलीं कीं संपतो. ज्या खेळाला शेवट आहे, त्याला घराच्या दिनक्रमांत जागा देतां येते.

गृहिणींस व वडील मंडळींस माझी सूचना एवढीच आहे. प्रथम एक डाव मुलाशेजारीं बसून पाहावा. हातांत जपमाळ किंवा निवडावयाची भाजी असली तरी चालेल. मूल हरलें म्हणजे “ऊठ आतां” असें न म्हणतां “विमान कां पडलें?” असें विचारावें. उत्तर देतां देतां तें वेग, वजन, वारा आणि आपली घाई या चारही गोष्टींचा विचार करतें, आणि हें शिक्षण पाठ्यपुस्तकांतल्या पाठाहून कमी नाहीं. नंतर तें विमान खरें होतें, त्यांत खरीं माणसें बसत, त्यांत एक मुंबईचा होता, हें त्याच्या वयाला पेलेल तेवढें सांगावें. भय घालण्यासाठीं नव्हे. पडद्यावर पडणें आणि रणांत पडणें यांतला भेद त्याला लवकर कळावा म्हणून. तो भेद जाणणारें मूल खेळतांना मनसोक्त पडेल, आणि मोठेपणीं कोठें युद्धाच्या गोष्टी निघाल्या तर टाळी वाजविण्यापूर्वीं क्षणभर थांबेल.

पुढील अंकीं पतंग आणि मांजा यांविषयीं वाचकभगिनींकडून आलेल्या प्रश्नांचा विचार करूं.